करवंटीतली आणि बोळक्यातली

काचेच्या पेटीत पाणी भरून कोणीतरी तिला घर म्हटलं, तेव्हाची ही गोष्ट. त्या घरात बुटक्या सिक्लिड माशांचं बिऱ्हाड होतं. नर एकच, तो दिवसभर पर फुलवून मिरवायचा. माद्या दोन: करवंटीतली केतकी आणि बोळक्यात नव्यानं आलेली शेवंती.

केतकीची अंडी फुटली, पिल्लं तिच्यामागून हिंडू लागली. शेवंतीच्या अंड्यांना मात्र बुरशी लागली. तिचा नुसता जळफळाट झाला.

एकदा वरून खाऊ म्हणून पाण्यातल्या इवल्या जिवंत पिसवा पडल्या. शेवंतीनं त्या खाल्ल्या नाहीत. बोळक्यात गोळा करून ती, पिल्लं राखणारी मादी होते तशी, पिवळीधमक होऊन त्यांची राखण करू लागली.

"अगं, तो खाऊ आहे!" केतकी खिदळली.

"माझी पोरं आहेत ती. तुमच्यापेक्षा जास्तच आहेत, आक्का."

तरी तिची नजर करवंटीवरून हटेना. केतकीची पाठ वळताच तिनं एक पिल्लू तोंडात धरून आणलं आणि आपल्या पोरांत सोडलं. पिल्लू भुकेलं होतं. त्यानं एक पिसू गिळली, मग दुसरी. बघता बघता बोळकं रिकामं झालं.

"आक्का, तुमच्या कार्ट्यानं माझी पोरं खाल्ली!"

"त्याला आवतण कोणी दिलं होतं?"

पिल्लाला हाकलायला शेवंती वळली, तर ते तिच्याच पोटाखाली शिरून झोपलेलं.

"नेऊ का त्याला?" केतकीनं विचारलं.

"निजलंय ते," शेवंती म्हणाली. "जरा हळू बोला."