हरबाची निरगाठ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नद्यांवर पूल नव्हते आणि माणसांना फारशी घाई नव्हती, तेव्हाची. एका गावात हरबा नावाचा मासेमार राहत होता. त्याच्याकडे एक डोंगी होती. डोंगी म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली, एकट्यापुरती अरुंद नाव. हरबा वल्हं छान मारायचा, मासेही छान पकडायचा. पण एका बाबतीत त्याची गावभर फजिती झाली होती.

ती कशी, ते ऐका.

त्या गावात ‘उलटणी’ नावाची एक रीत होती. पावसाळा सरला, पुराचं पाणी ओसरलं, की मासेमारीला जाण्याआधी प्रत्येकाने आपली डोंगी सामानासकट घाटावर आणायची. कमरेएवढ्या पाण्यात न्यायची. आणि सगळ्यांच्या देखत ती मुद्दाम पालथी करायची! बांधलेलं असेल ते डोंगीत राहायचं, सुटं असेल ते वाहत जायचं. खालच्या अंगाला सगळं गाव उभं असायचं. वाहून आलेली वस्तू ज्याच्या हाती लागेल त्याची. परत मागायची नाही आणि रुसायचं तर मुळीच नाही. खोल पाण्यात शिकण्यापेक्षा कमरेएवढ्या पाण्यात शिकलेलं बरं, असं जुन्या माणसांचं म्हणणं होतं.

मागच्या उलटणीला हरबाचं होतं नव्हतं तेवढं वाहून गेलं. टोपली न्हाव्याच्या बायकोने धरली. वल्हं कुंभाराला मिळालं. जाळं कुणालाच मिळालं नाही, ते सरळ तळाशी गेलं. चटणी-भाकरी माशांनी खाल्ली. हसून हसून लोकांची पोटं दुखली. पुढे वर्षभर कुंभार त्या वल्ह्याने चिखल ढवळायचा आणि हरबा घरावरून जाताना दिसला की मुद्दाम विचारायचा, “काय हरबा, वल्हं फार चांगलं आहे हो तुमचं! आणखी एखादं आहे का?”

हरबाच्या मनाला ते फार लागलं.

त्याची बायको ठकू शहाणी होती. ती म्हणाली, “अहो, हसले तर हसले. माणूस धड आहे ना? जाळं मी विणते.” आणि खरोखरच तिने घरी सूत कातून, चार महिने बसून नवं जाळं विणलं. बारीक, सारखं, एकही घर लहान-मोठं नाही. हरबाने ते पाहिलं आणि त्याला भरूनच आलं. त्याने मनाशी ठरवलं, आता काहीही झालं तरी हे जाळं जाऊ द्यायचं नाही.

पुन्हा उलटणीचा दिवस आला. हरबाने पहाटेपासून बांधाबांध सुरू केली. वल्हं लांब दोरीने बांधलं, टोपली बांधली, नांगराचा दगड बांधला, भाकरीचं गाठोडं बांधलं, सुरीसुद्धा फळीखाली बांधली. आणि सगळ्याला निरगाठी, म्हणजे ओढू तितक्या आवळणाऱ्या गाठी! एकावर एक तीन-तीन. जाळ्याची दोरी तर त्याने स्वतःच्या कमरेलाच बांधली. मी आहे तिथे जाळं, आता नेऊन दाखवा म्हणावं.

डोंगी पालथी झाली. खालच्या अंगाला लोक हात पसरून उभे होते. काहीच येईना. एक काडीसुद्धा वाहून आली नाही. कुंभार तर गळ्याएवढ्या पाण्यात शिरून वाट बघत राहिला. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि हरबाची छाती दोन बोटं फुगली.

पण घाटावरची नावाडीण मावशी गप्प होती. तिने चाळीस वर्षं त्या नदीवर माणसांची ने-आण केली होती आणि आता म्हातारपणी उलटणीची पंच म्हणून ती घाटाच्या पायरीवर बसायची. तिने हरबाला जवळ बोलावलं, त्याच्या कमरेची दोरी हातात धरून पाहिली.

“सामान सगळं राहिलं खरं,” ती म्हणाली. “पण हरबा, तू सुटतोस का?”

“मी कशाला सुटायला पाहिजे मावशी? मी काय टोपली आहे?”

लोक हसले, हरबाही हसला. मावशी हसली नाही. आणि मागे उभी असलेली ठकूही हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरबा त्याच गाठींनिशी, जाळ्याची दोरी कमरेला बांधून निघाला. त्या गावात काखेखाली वाळलेले पोकळ भोपळे बांधल्याशिवाय कुणी पाण्यावर जात नसे. बुडणाऱ्याला ते वर धरतात. ठकूने त्याला भोपळे बांधले आणि छातीवरच्या पट्ट्याला एक छोटी सुरी अडकवली, म्यानासकट. तिला मात्र तिने सुरगाठ मारली. सुरगाठ म्हणजे टोक ओढलं की सुटणारी गाठ.

“हे आणि काय? एक सुरी आहे की डोंगीत. नदीवर काय भाजी चिरायची आहे?”

“असू द्या.”

“आणि ही असली गाठ? कुणी फुंकर मारली तरी सुटेल!”

“असू द्या म्हटलं ना,” ठकू म्हणाली आणि घरात निघून गेली.

बायको या सुरात बोलली की पुढे बोलायचं नसतं, एवढी अक्कल हरबाला होती. तो निघाला.

ऊन छान पडलं होतं. नदी शांत दिसत होती. गावाच्या वरच्या अंगाला जिथे वळण आहे, तिथे त्याने जाळं फेकलं. पहिल्याच फेकीला पाच मासे. दुसऱ्या फेकीला नऊ. हरबा गाणं गुणगुणायला लागला. तिसऱ्या फेकीला जाळं जड लागलं. “वा! आज तर मोठाच आलाय!” असं म्हणत त्याने ओढलं.

मासा नव्हता. पुरात वाहून आलेलं अख्खं बाभळीचं झाड तळाशी रुतलं होतं आणि जाळं त्याच्या काट्यांत अडकलं होतं. जाळं हलेना. डोंगी मात्र धारेबरोबर पुढे निघाली. जाळ्याची दोरी ताणली, हरबाच्या कमरेला झटका बसला आणि बघता बघता तो पाण्यात आणि डोंगी पालथी! दुसऱ्याच क्षणी ती वाहत निघूनही गेली.

भोपळे त्याला वर ओढत होते, दोरी खाली ओढत होती. तोंड क्षणभर पाण्याबाहेर यायचं, की धार पुन्हा वरून जायची. हरबाने कमरेची गाठ सोडायला हात घातला. पण भिजलेली निरगाठ कुठली सुटायला! तीन गाठींचा मिळून एक खडा झाला होता. डोंगीतली सुरी आठवली. ती तर फळीखाली होती, तीन गाठींत, आणि डोंगी दिसेनाशी झाली होती.

मग त्याचा हात छातीशी गेला. टोक ओढलं. एका ओढीत सुरी हातात आली.

आता दोरी कापायची, की झालं. पण हरबाचा हात थांबला. दोरी कापली की जाळं गेलं. चार महिने! दिव्याजवळ वाकून बसलेली ठकू त्याच्या डोळ्यांसमोर आली. एकदा आणखी बघू, गाठ सुटेलही, असं म्हणून त्याने पुन्हा नखांनी गाठ ओरबाडली. नाकातोंडात पाणी गेलं. पुन्हा एकदा, असं म्हणाला. आणखी पाणी गेलं. हातातली ताकद कमी व्हायला लागली. तेव्हा मात्र तो घाबरला, अगदी लहान मुलासारखा घाबरला. त्याने डोळे मिटले आणि सुरी फिरवली.

दोरी तटकन तुटली. भोपळ्यांनी त्याला वर उचललं. धारेबरोबर वाहत वाहत तो पुढच्या वळणावर वाळूला लागला आणि कितीतरी वेळ तसाच पडून राहिला. मग उठला आणि काठाकाठाने गावाकडे चालू लागला.

पण त्याची डोंगी त्याच्याआधी गावात पोचली होती.

घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी ती पाहिली. पालथी, एकटी, हळूहळू वाहत येणारी. नावाडीण मावशीने ती बांबूने ओढून घेतली आणि सरळ केली. आत वल्हं होतं. टोपली होती. भाकरीचं गाठोडं होतं. सगळं जागच्या जागी, घट्ट बांधलेलं. फक्त हरबा नव्हता.

ठकूला कुणीतरी बोलावून आणलं. ती डोंगीजवळ आली, गाठोड्याला हात लावून बघितला आणि मटकन पायरीवर बसली. कुंभारही तिथे होता. तो नदीच्या वरच्या अंगाला डोळे लावून उभा राहिला.

आणि तेवढ्यात काठावरून हरबा येताना दिसला. ओलाचिंब, कमरेला तुटक्या दोरीचं शेपूट, काखेत भोपळे, मुठीत ठकूची सुरी. ठकू उठली. त्याच्यापर्यंत गेली आणि दोन्ही हातांनी त्याचे खांदे चाचपून पाहिले.

हरबाने मान खाली घातली. “ठकू, जाळं गेलं गं. तुझे चार महिने गेले.”

आता मात्र ठकूला रडू फुटलं आणि रागही आला. “जाळं गेलं म्हणून मला सांगताय? अहो, जाळं मी बसून पुन्हा विणीन. तुम्हाला कुठून विणून आणू मी?”

मावशी पायरीवरून उठली. तिने त्याच्या कमरेची निरगाठ सोडवायचा प्रयत्न केला. सुटली नाही. शेवटी तिनेही ती ठकूच्याच सुरीने कापली आणि हरबाच्या हातात ठेवली.

त्या संध्याकाळी कुंभाराने हरबाचं जुनं वल्हं स्वच्छ धुऊन त्याच्या दारात आणून ठेवलं. रीत मोडली म्हणून त्याला कुणी बोललं नाही.

पुढच्या वर्षी उलटणीला हरबाने मावशीकडे एक मागणं मागितलं. डोंगीबरोबर माणसानेही पाण्यात जायचं आणि मावशीने दहा म्हणायच्या आत सगळ्यातून मोकळं होऊन उभं राहून दाखवायचं. मावशी म्हणाली, “मग आधी तूच दाखव.”

हरबाची डोंगी उलटली. मावशीचे तीन अंक म्हणून होतात न होतात तोच हरबा पाण्यात मोकळा उभा होता. ठकूचं नवं जाळं डोंगीच्या नाकाला बांधलेलं होतं, सुरगाठीने. फक्त भाकरीचं गाठोडं तेवढं सुटून वाहत गेलं आणि ते नेमकं कुंभाराच्या हातात पडलं.

सगळं गाव हसायला लागलं. हरबा सगळ्यांत मोठ्याने हसला आणि ओरडला, “खा, कुंभारदादा! चटणी ठकूच्या हातची आहे!”

तात्पर्य एवढंच, मुलांनो आणि मोठ्यांनो: सामान नावेला नीट बांधावं, पण स्वतःला सामानाशी बांधून घेऊ नये, आणि जिथे जीव अडकू शकतो, तिथली गाठ एका ओढीत सुटणारी असावी.