राहीच्या गाण्यातली तिसरी ओळ

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागं, बैल बोलायचे आणि माणसं ऐकून घ्यायची, त्या काळची ही गोष्ट. बैल कसा बोलेल, असं विचारणाऱ्यानं आधी आपल्या घरात कोण कोण बोलतं ते बघून यावं.

एका गावात गाण्याची वेडी माणसं राहत. बाजार उठला की ती चिंचेखाली जमत. नुसतं ऐकायचं आणि धोतर झटकून चालू लागायचं, हे तिथं चालत नसे. एक गाणं घेतलं की एक द्यायचं, आणि तेही माणूस पाहून. "हे तुझ्या गळ्याचं आहे गं," म्हणत वेणू कासारीण गवळणीला पाळणा देई, आणि गवळण तिला नदीपलीकडचं सासू-सुनेच्या भांडणाचं गाणं देई. दोघी गुणगुणत घरी जात, आणि दोघींच्या सासवा कपाळाला हात लावून बसत.

त्याच गावात म्हाळू तेली होता. त्याची बायको राही डोंगरापलीकडच्या माहेराहून एक गाणं घेऊन आली होती. ढवळ्या बैल घाण्याला फिरू लागला की ती ते म्हणे. म्हाळू असा हरवून जाई, की तेल भांड्याबाहेर सांडलं तरी त्याला पत्ता नसे.

राहीला फार वाटे, की हे गाणं एकदा चिंचेखाली न्यावं. वेणूच्या गळ्यात ते किती शोभेल, असं ती वरचेवर बोलून दाखवी. म्हाळू म्हणे, "गावाच्या तोंडी लागलं की उष्टं होतं. आपलं आपल्या घरात राहू दे."

स्वतः मात्र तो बाजारच्या दिवशी चिंचेखाली बसून लोकांची चांगली चांगली गाणी घेई, आणि बदल्यात काहीतरी रटाळ देई. वेणू सगळ्यांदेखत विचारी, "म्हाळूदादा, तेल घरी ठेवून दर बाजारी पेंडच आणता होय?" लोक हसत. म्हाळूही हसे. लाज त्याला जरा बेतानंच दिलेली होती.

मग एका हिवाळ्यात राही तापानं गेली.

कितीतरी दिवसांनी म्हाळूनं घाणा जुंपला आणि तिचं गाणं म्हणायला घेतलं. पहिली ओळ आली, दुसरी आली, आणि गळा थांबला. तिसरी ओळच नव्हती. पुढची होती, शेवटची होती. मधे नुसती घाण्याची करकर.

तो डोंगर ओलांडून राहीच्या माहेरी गेला. तिथल्या म्हाताऱ्या केव्हाच गेल्या होत्या, आणि सुनांनी आपापल्या माहेरची गाणी आणली होती. तसाच परत आला आणि त्यानं ढवळ्याच्या मानेवर हात ठेवला.

"ढवळ्या, तू तर रोज ऐकलंस. तिसऱ्या ओळीत काय म्हणायची रे ती?"

ढवळ्यानं तोंडातला घास पुरता चघळला. बैलांना कसली घाई?

"मालक," तो म्हणाला, "बाकीचं सगळं मला पाठ आहे. पण तिसऱ्या ओळीला बाईंचा आवाज चढायचा, आणि तुम्ही म्हणायचात, 'हळू, बाहेर ऐकू जाईल.' मग त्या ओठातल्या ओठात म्हणायच्या. त्या जागी मला तुमचंच ऐकू आलंय."

म्हाळू तिथंच घाण्याला टेकून बसला.

पुढच्या बाजारी तो वेणूसमोर जाऊन उभा राहिला. "हे तुझ्या गळ्याचं आहे. राही म्हणायची. मधली एक ओळ नाही."

त्या दिवशी वेणूनं थट्टा केली नाही.

गाणं गावात गेलं, गावाबाहेर गेलं. जो तो तिसरी ओळ जुळवून आणी आणि विचारी, ही असेल का? काही ओळी तर फारच गोड होत्या. म्हाळू प्रत्येक ओळ शेवटपर्यंत ऐके आणि नाही म्हणून मान हलवी. शेवटी लोकांनी ती जागा रिकामीच ठेवली. गाता गाता तिथं आले की सगळे क्षणभर थांबत, आणि मग पुढं जात.

म्हाळूनं घाण्याची रस्त्याकडची खिडकी पुन्हा कधी लावली नाही. कुणी परमुलखातला वाटसरू गुणगुणत जाऊ लागला, की तो घाणा थांबवी. ढवळ्याही कान टवकारून उभा राही.

तात्पर्य: आवडतं गाणं वेळेवर दुसऱ्याच्या गळ्यात ठेवावं, म्हणजे आपण विसरलो तर मागायला एखादं दार तरी उरतं.