कोयी गेल्या कुठे?

"जाळायच्या नाहीत, पुरायच्या नाहीत, नदीत सोडायच्या नाहीत, आणि वाड्याच्या कुंपणाबाहेर एकही जाता कामा नये! दसऱ्याला मी स्वतः बघायला येईन. तेव्हा इथे कोय दिसली, तर धाकू, तू राज्याबाहेर आणि तुझ्या कोंबड्या हंडीत!"

असं फर्मान सोडून आंबोशीगडचे राजे मानाजीराव तरातरा निघून गेले. मागे राहिला मुदपाकखान्याच्या कोंबड्या राखणारा धाकू, आणि त्याच्यासमोर आंब्याच्या कोयींचा खुराड्याहून उंच ढीग.

त्याचं असं झालं होतं. राजांच्या बागेत आंब्याची एक जात होती, साखरेने मान खाली घालावी अशी. तसा आंबा मुलखात दुसरीकडे नव्हता आणि होऊ नये, हा राजांचा हट्ट! कोय बाहेर गेली की कुणीतरी रुजवणार. पुरली तर उगवणार. नदीत टाकली तर वाहत जाऊन पलीकडच्या राजाच्या अंगणात लागणार! एकदा जाळून पाहिल्या, तर ओल्या कोयींचा धूर राणीसाहेबांच्या महालात शिरला, आणि राणीसाहेब आठवडाभर राजांशी बोलल्या नाहीत. म्हणून हा ढीग, त्यातले भुंगे आणि तो वास. धाकू वैतागून एवढंच पुटपुटला होता, "म्हाराजांना आंबे खाता येतात, कोयी निस्तरता येत नाहीत." नेमके राजे मागेच उभे!

"आता काय करायचं गो, सगुणे?" धाकूने कपाळाला हात लावला.

सगुणी त्याची लेक. तिचं बोलणं संपेपर्यंत कोंबडासुद्धा आरवायचा थांबे.

"काय म्हणजे? कुंपणाच्या आत कोण कोण हाय? राजे, दिवाण नि कोंबड्या. पयले दोघे काय कोयी खायचे नाहीत!"

झालं! बाईसाहेबांनी कोयी फोडल्या, आतला गर चेचला आणि दिला खुराड्यात भिरकावून. आणि तिथेच फसली. दुसऱ्या दिवशी तिची लाडकी ठमी कोंबडी पिसं फुगवून कोपऱ्यात बसली. बाकीच्यांनीही माना टाकल्या. अंडं तर एकीनेही घातलं नाही.

दिवाणजी धापा टाकत आले. "अगं, राजांच्या ताटात अंडं नाही! राजे पानावरून उठले!"

"कोंबड्या रुसल्यात, दिवाणजी."

"मग मनधरणी कर त्यांची! नाहीतर दसऱ्याची वाट कोण बघतो? हंडी आठ दिवसांतच चढेल!"

सगुणी खुराड्याकडे धावली. ठमीला तिने पिल्लू असल्यापासून ओंजळीत वाढवलं होतं. तिने तोच गर उचलला आणि स्वतः चावून पाहिला. शी! जीभ टाळ्याला चिकटली, तोंड मुरडलं, आणि सगुणी चक्क गप्प झाली. पोर गप्प झालेली बघून धाकू वैद्याला बोलवायला निघाला!

"थांब बाबा!" कशीबशी ती म्हणाली. "आपण सुरण कच्चा खातो काय?"

"घसा धरायचाय काय?"

"मग कोंबडीने तरी कोय तशीच का खावी?"

सगुणीने पदर खोचला. गराचे तुकडे पाण्यात भिजत घातले. पाणी काताच्या रंगाचं झालं. ओतलं, दुसरं घातलं. तेही लाल! पाणी नितळ निघेपर्यंत बदलत राहिली. मग गर उकडला, चुलीच्या उबेला वाळवला, कांडला आणि चिमूटभर तांदळाच्या कण्यांत कालवून ठमीपुढे ठेवला. ठमीने एक डोळा वाकडा करून बघितलं, एक चोच मारली, आणि मग ताटली उलटी होईपर्यंत थांबली नाही! चार दिवसांनी तिने अंडं घातलं. बाधतं का बघायला ते आधी सगुणीने खाल्लं. मग हळूहळू सगळ्या कोंबड्यांना तेच खाणं, आणि मुदपाकखान्यात टोपल्याच टोपल्या! राजांना सकाळी अंड्याचा पोळा, दुपारी कालवण, रात्री पुन्हा कालवण.

दसरा उजाडला. राजे जरतारी अंगरखा घालून खुराड्याशी आले. मागून दोन सेवक त्यांच्या सोन्याच्या कमरपट्ट्याची टोकं ओढत होते, आणि टोकं काही जुळत नव्हती.

ढीग नाहीसा झाला होता!

"जाळल्यास?" राजे गरजले.

"धूर दिसला, म्हाराज?" सगुणीने विचारलं.

"पुरल्यास!"

"कोंब दिसला?"

"मग पलीकडच्या राजाला विकल्यास!"

"छ्या! कोयी कुंपणाच्या आतच हायत. राज्यातल्या सगळ्यात सुरक्षित जागी. रात्रंदिवस भालेवाले पहाऱ्याला!"

"कुठे?"

"तुमच्या पोटात!"

दिवाणजींची पगडी कानावर आली. धाकूने डोळे मिटून घेतले.

"मी... कोयी खाल्ल्या?"

"कडू तुरट सगळं पाण्यात काढलं. उरलं ते कोंबड्यांनी खाल्लं, नि कोंबड्यांचं अंडं तुम्ही. आवडीने!"

"आणि टरफलं?"

"खुराड्यात अंथरली. आता कोंबडीखतासकट तुमच्याच आंब्यांच्या बुंध्याशी. टरफल काय रुजत नाही, म्हाराज."

"पुरावा काय?"

"पुरावा तर मघापासून दोघं जण ओढतायत!"

राजांनी वळून पाहिलं. घामाघूम सेवक, हातभर लांब राहिलेली टोकं आणि पुढे आपलं पोट! आधी मिशा थरथरल्या, मग पोट हललं, आणि राजे असे खदाखदा हसले की सगळ्या कोंबड्या फडफडत आढ्यावर चढल्या.

"धाकू, तुझी चाकरी कायम! हंडी रद्द! आणि पोरी, हा पट्टा तुझा. माझ्या कामाचा तू ठेवलाच नाहीस!"

"पट्टा नको, म्हाराज. आम्ही नुसत्या कोयीच निस्तरल्या. एकदा आंबेही निस्तरायला द्या!"

राजांचा चेहरा पडला. आंबा मागितला होता, आंबा! त्यांनी एकदा ठमीकडे बघितलं, एकदा आपल्या पोटाकडे. शेवटी म्हणाले, "बरं. पुढच्या हंगामाची पहिली टोपली तुझी. पण कोयी मात्र परत हव्यात हं!"

"देईन की," सगुणी म्हणाली. "अंड्यांतून!"

राजे पुन्हा इतके हसले की दोन्ही सेवक टोकं सोडून खाली बसले, आणि पट्टा सुटून ठमीपुढे जाऊन पडला.