नुसत्या वाफेचा नैवेद्य

लेकीची ई-सिगारेट सुटेपर्यंत गोडाला शिवणार नाही, असा नेम कुमुदिनीताईंनी गणपतीपुढे धरला होता. कॉलेजात शिकणाऱ्या ऋजुताला आता जिना चढतानाही धाप लागायची. रागावलं की म्हणायची, "आई, वाफ आहे गं ती! आमच्या संस्थेचे अध्यक्षच सांगतात."

सांगतील नाहीतर काय! अध्यक्ष दादासाहेब रणनवऱ्यांचा पुतण्याच कॉलेजच्या फाटकाबाहेर टपरी टाकून त्या ई-सिगारेटच्या नळ्या विकत होता.

कॉलेजच्या गणपतीची आरती झाली. नातीला कडेवर घेऊन दादासाहेब निघाले, तेवढ्यात ताईंनी भर मांडवात त्यांना त्या टपरीचा जाब विचारला.

दादासाहेब हसले. "वहिनी, त्यात धूर कुठाय? नुसती आंब्याची, स्ट्रॉबेरीची वाफ!"

ताईंनी पिशवीतून लेकीची नळी काढून प्रसादाच्या ताटात पेढ्यांशेजारी ठेवली. "फळांचीच ना? मग दाखवा बाप्पाला नैवेद्य, आणि पहिला प्रसाद नातीला द्या."

नातीने हात पुढे केला. दादासाहेबांनी तो झटकन मागे ओढला. "अहो, लेकरू आहे ते!"

"मग माझं कोण आहे?"

दादासाहेबांनी तिथूनच फोन करून पुतण्याला टपरी उचलायला लावली.

बायांनो, तुमच्या लेकरापुढे कुणी असली वाफ धरली, तर तुम्हीही गप्प राहू नका. आधी तुझ्या घरात वाट, म्हणावं.