तिठ्यावरची काळी लिंबं

हा समोरचा कातळ पाहिलात? त्यावर वाळत घातलेत ते दगड नव्हेत, लिंबं आहेत. परवा एका पाहुण्यांनी त्यांना लेंड्या म्हटलं. मी सदतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, म्हणून फक्त चष्म्यावरून बघितलं. मिठाच्या पाण्यात उकळून ही लिंबं वीस-पंचवीस दिवस उन्हात ठेवली की अशी काळी ठिक्कर होतात, हलवली की आत बिया वाजतात. कोकणात दारावर लिंबू-मिरची टांगतात, गाडीला बांधतात. आमच्या खारवेळ गावात मात्र एकाही दारावर तुम्हाला ती दिसणार नाही.

याचं कारण जुनं आहे. आगबोटीसुद्धा नव्हत्या तेव्हाचं. एका वैशाखात मस्कतकडचं एक गलबत मोडक्या डोलकाठीनं आमच्या खाडीत शिरलं, असं सांगतात. धक्क्याच्या वर भिवरा नावाच्या भंडारणीची विहीर होती. नवरा समुद्रात गेलेला, पदरात यमू नावाची सहा वर्षांची एकुलती एक मुलगी. त्या उन्हाळ्यात गावातल्या इतर विहिरी तळाला गेल्या होत्या, तरी भिवरानं गलबतावरच्या खलाशांना रोज चार घागरी पाणी दिलं. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं.

गलबतावर सुलेमान नावाचा म्हातारा भंडारी होता. भंडारी म्हणजे स्वयंपाक करणारा; आमच्या जातीशी त्याचा संबंध नाही, तुम्ही विचारण्याआधीच सांगतो. पाण्याची भरपाई म्हणून त्यानं आपल्याजवळची सर्वात जपलेली वस्तू भिवराला आणून दिली. ती होती एक गोणपाटाची पिशवी. तिनं घरी जाऊन ती उघडली तर आत काळी, सुकलेली, खुळखुळ वाजणारी लिंबं!

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे असं लिंबू पाहून बाईमाणसाच्या मनात काय येणार? भिवराला वाटलं, करणीच ही. तिनं पिशवी तशीच चिमटीत धरली, गावाबाहेरच्या तिठ्यावर नेऊन उपडी केली आणि मागं न बघता घरी आली. येताना मात्र दोघा-चौघांनी तिला पाहिलं.

तिसऱ्या दिवशी गावात पटकी सुरू झाली.

मग काय, साऱ्यांची बोटं त्या लिंबांकडे. घरोघर उलट्या, जुलाब, डोळे खोल गेलेले. अंताजी खोतांनी हुकूम दिला की येत्या भरतीला गलबत खाडीबाहेर घालवायचं. डोलकाठीवाचून ते बाहेर गेलं असतं तर खडकावर फुटलं असतं, हे सर्वांना ठाऊक होतं. माणसं काठ्या घेऊन धक्क्यावर उभी राहिली. अंताजी दुष्ट नव्हते बरं का. त्यांचा स्वतःचा विसू, आठ वर्षांचा, सकाळपासून अंथरुणावर होता.

त्याच सकाळी यमूच्या पोटात पाणी ठरेनासं झालं. घोटभर पाजावं तर दोन घोट बाहेर. भिवरा तिला मांडीवर घेऊन ओटीवर बसली होती. तेव्हा तो सुलेमान काठ्यांच्या मधून रिकाम्या हातांनी चालत वर आला. एकानं त्याच्या खांद्यावर तडाखा दिला, तरी थांबला नाही, म्हणे. पोरीकडे बघून त्यानं मोडक्या हिंदुस्थानीत विचारलं, "वो नींबू किधर है? उबालो. गुड डालो, थोडा नमक. बच्ची को पिलाओ." त्याच्याकडे दुसरी लिंबं नव्हती. होती नव्हती ती सगळी त्यानं हिला देऊन टाकली होती.

अंताजी म्हणाले, "कुणी थेंब घेणार नाही. घ्यायचाच तर आधी एका मोठ्या माणसानं घ्यावा. सूर्य मावळेपर्यंत त्याला काही झालं नाही, तर पुढं बघू."

भिवरानं मुलगी शेजारणीच्या मांडीवर दिली आणि ती तिठ्याकडे निघाली. तिठ्यावरचं लिंबू ओलांडायलाही आपण कचरतो. ते उचलणारा माणूस मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिला नाही. हिनं ती एकेक करून वेचली, पदरात घेतली आणि सगळ्या गावादेखत घरी आणली. बायका वाट सोडून बाजूला झाल्या. मला विचाराल तर आमच्या गावात यापेक्षा मोठी मर्दुमकी कुणीच केली नाही.

सुलेमाननं लिंबं दगडानं फोडली, कडू बिया काढून टाकल्या आणि तिच्याच चुलीवर ती उकळली. तांबूस, आंबटसर वासाचं पाणी झालं. भिवरानं वाटीतला पहिला घोट आपण घेतला आणि तीच उष्टी वाटी यमूच्या ओठांना लावली.

"भिवरे, सांज होऊ दे!" अंताजी ओरडले.

ती म्हणाली, "तुमी थांबा, खोतानू. माज्या पोरीला तेवडा येळ नाय."

चमचा चमचा करून तिनं ते पाजलं. पोटात राहिलं. ऊन कलेपर्यंत यमूनं डोळे उघडून पेज मागितली. मागे एक डॉक्टर मला म्हणाले, पाणी उकळलं, त्यात गूळ-मीठ पडलं, त्याचा गुण. असेलही. पण तिठ्यावर जायला डॉक्टर नव्हते, भिवरा होती.

बाकीचं गाव सांजेची वाट बघत बसलं. सूर्य बुडाला, भिवरा धडधाकट होती, आणि लिंबं नेऊन काही घरांत चुली पेटल्या; बाकीची अजून कचरत होती. खोतांचा विसू मात्र सूर्य बुडायच्या घटकाभर आधी गेला.

पुढं जे झालं ते सांगताना आमच्या आजोबांचाही आवाज बदलायचा. मुलाला पोचवून आलेले अंताजी तसेच ओल्या पंच्यानं भिवराच्या दारी आले. तिच्याकडून त्यांनी ते उकळलेलं पाणी एका हंड्यात मागून घेतलं. मग ते दारोदार गेले. प्रत्येक ओटीवर आधी आपण एक घोट घ्यायचे, वाटी पुढं करायचे आणि दोनच शब्द बोलायचे, "थांबू नका." त्यानंतर गावात एकही पोर दगावलं नाही, असं सांगतात.

डोलकाठीसाठी अंताजींनी आपल्या परड्यातला साग दिला. ती होईपर्यंत सुलेमाननं बायकांना काय काय शिकवलं! ही लिंबं कशी करायची, खजूर भिजवून त्याचं सरबत, चिंचेच्या कोळात गुलाबपाणी, बडीशेपेचा काढा. आपल्याच लाल अंबाडीच्या बोंडांचा चहा होतो हेही त्या परक्या माणसानं आम्हाला सांगितलं. इतकी वर्षं आम्ही ती बोंडं गुरांपुढं टाकत होतो!

आजही खारवेळात पाहुण्याला पेय देताना घरची बाई पहिला घोट आपण घेते. बाहेरचे लोक नाकं मुरडतात, उष्टं म्हणतात. म्हणोत. आणि आजही वैशाखात एका दिवशी खोतांच्या घरचा सर्वात वडीलधारा पुरुष हंडा घेऊन दारोदार फिरतो, प्रत्येक दारी एक घोट पितो, ते दोन शब्द म्हणतो. सगळं गाव झालं की तो आपल्या घरी येतो, एक वाटी भरतो आणि विसूच्या नावानं उंबऱ्यावर ठेवतो. तिथं मात्र तो काहीच बोलत नाही.