तेल न पोचलेला काठ

एका डोंगराळ गावात एक लाकडाचा व्यापारी राहत होता. धंदा सोडून तो आता घरी बसला होता. त्याच्या दिवाणखान्यात बिलियर्डचं एक भलंमोठं टेबल होतं. तरुणपणी हौसेनं त्याने ते बंदरावरून बैलगाड्यांत घालून आणलं होतं. टेबलाला चारी बाजूंनी सागवानी काठ, काठाच्या आतल्या अंगाला रबराची पट्टी आणि तिच्यावर हिरवं कापड. चेंडू काठावर आपटला की रबर त्याला परत फेकायचं. साऱ्या खेळाची गंमत त्या परत येण्यात होती.

व्यापाऱ्याची पुतणी शहरात कॉलेज शिकून परत आली होती. तिचं नाव रेवती, पण घरात सगळे तिला ठिणगी म्हणत. लहानपणी तिला स्टुलावर उभं करून काकांनीच हा खेळ शिकवला होता.

पण अलीकडे काकांचा एकही डाव साधत नव्हता. काठावरून फिरून येणारा चेंडू वाटेतच बसकण मारायचा.

"नजर गेली माझी, वैद्यबुवा," काका एका संध्याकाळी खेळायची काठी ठेवत म्हणाले.

"हातही गेला म्हणा," वैद्यबुवा हसले. ते काकांचे जुने मित्र. त्यांना जिंकायची सवय नव्हती, आणि आता ती लागली होती.

त्या दिवसापासून काकांनी खेळ सोडला. मिशीला पीळ देणंही सोडलं. खिडकीशी खुर्ची ओढून नुसते बसून राहायचे. आणि एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "दसरा झाला की टेबल मोडायचं. कापडाखालची दगडी फरशी देवळाच्या पायरीला द्या, लाकडाचा पलंग करा."

ठिणगी भडकलीच. "नजर गेली म्हणता? काल भाकरीवरचा केस बघून काकूवर ओरडलात, तो कुठल्या नजरेनं दिसला?"

"मोठ्यांशी असं बोलतात?" काकू स्वयंपाकघरातून ओरडली.

"मोठी माणसं अशी खिडकीशी बसतात?" ठिणगीने तिथूनच विचारलं.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर ती टेबलापाशी गेली. काठी न घेता तिने हातानेच चेंडू सोडला. काठाला लागून तो चिखलात पडावा तसा थांबला. दुसऱ्या काठाला तेच. तिसऱ्याला तेच. चौथा काठ भिंतीकडचा. त्याच्यामागे धान्याचं जुनं कपाट अगदी चिकटून उभं होतं. त्या काठाकडे चेंडू गेला आणि टणकन उसळून थेट तिच्या तळहातात आला.

तिने पुन्हा सोडला. पुन्हा आला. ठिणगी विचारात पडली. एकाच टेबलाचे काठ, मग एकच जिवंत का?

उत्तर तिला खंडेनवमीच्या सकाळी मिळालं.

खंडेनवमीला गावात घरोघरी अवजारांची पूजा होत असे. व्यापाऱ्याच्या घरी टेबलही पूजेला असायचं. काका स्वतः वाटीभर जवसाचं तेल घेऊन काठांना चोळत. त्यांचं आयुष्य लाकडात गेलेलं. ते नेहमी म्हणत, "लाकडाला तेल म्हणजे जनावराला पाणी." चेंडू मंदावू लागला तसे ते सणाची वाटही बघेनात. दर अमावास्येला तेल. टेबल थकलंय, त्याला जरा जास्त पाजूया, असं त्यांचं गणित.

"वाटी दे गं," काकांनी हात पुढे केला. "निदान शेवटची सेवा तरी नीट होऊ दे."

ठिणगी वाटी द्यायला वळली आणि तिची नजर कपाटावर गेली. कपाटामुळे तिथे हातच शिरत नव्हता. म्हणजे त्या काठाला कधी तेल लागलंच नव्हतं! तिला आपली सायकल आठवली. साखळीचं तेल टायरवर गळून रबर कसं फुगून चिकट झालं होतं, तेही आठवलं.

तिने वाटी पाठीमागे लपवली. "मिळणार नाही."

"सणाच्या दिवशी अपशकुन करतेस?" काकू धावत आली. "वाटी दे आधी!"

"देते. पण काकांनी आधी हाताने चेंडू सोडायचा. एकदा या काठाकडे, एकदा त्या कपाटाकडच्या."

"पोर ऐकायची नाही," पूजेला आलेले वैद्यबुवा म्हणाले. "सोड बाबा, पूजा खोळंबलीय."

काकांनी चिडूनच चेंडू ढकलला. तो काठाला लागून मेल्यासारखा पडला. मग त्यांनी कपाटाच्या दिशेने सोडला. चेंडू उसळला आणि धावत येऊन त्यांच्या बोटांवर आपटला.

काकांनी तो चेंडू कितीतरी वेळ मुठीत धरून ठेवला.

"त्या काठाची तर मी कधी सेवाच केली नाही," ते हळूच म्हणाले.

"म्हणूनच तो वाचला," ठिणगी म्हणाली. तोंडातून गेल्यावर तिला ते जरा लागट वाटलं, पण शब्द परत घ्यावेत असं काही वाटलं नाही. "लाकडाला तेल चाललं, काका. पण ते झिरपून आतल्या रबरात गेलं, त्याला नाही चाललं."

काका उठले. टेबल मोडायला आणलेला पान्हा त्यांनी स्वतः हातात घेतला आणि एक काठ सोडवला. कापडाखालचं रबर भिजल्या पोळीसारखं लिबलिबीत झालं होतं. काकांनी बोट लावलं तर बोटाला चिकटून आलं.

"हे मला आधी सांगायचंस," ते म्हणाले.

"नजर गेली नाही, हे तर रोज सांगत होते!"

"ओरडत होतीस. दाखवलंस आज."

"ओरडले नसते तर आज तरी चेंडू सोडला असतात?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसता," ते म्हणाले, आणि वैद्यबुवांना एवढं हसू आलं की त्यांना बसावं लागलं.

शहरातून नवं रबर आलं, नवं कापड आलं. तिन्ही काठ काकांनी आणि ठिणगीने मिळून बसवले. कपाट हलवून चौथाही झटकून घेतला. काकूचं मन राखायला हळद-कुंकू टेबलाच्या पायांना लागलं. तेलही पायांनाच, बोटभर. काठांना फक्त कोरडं फडकं, आणि खेळ संपला की वर एक चादर.

दिवाळीच्या पाडव्याला काकांनी आधी वैद्यबुवांना हरवलं, मग ठिणगीलाही. चेंडू तीन काठ फिरून आला आणि अचूक लागला. काकांनी मिशीला पीळ दिला.

"पुन्हा मांडा," ठिणगी धुसफुसत म्हणाली. "आता मी सोडणार नाही."

तात्पर्य: आपण किती मायेनं जपतो एवढंच मोजू नये, आपल्या जपण्याने त्या वस्तूचं काय होतंय, तेही कधीतरी उघडून पाहावं.