धाकाची मात्रा

एका नदीकाठच्या नगरात एके काळी एक वयोवृद्ध वैद्यराज रुग्णशाळा चालवीत. पंचक्रोशीतले रुग्ण तिथे झोळीत घालून आणले जात आणि बहुतेक आपल्या पायांनी घरी परतत. वय ऐंशीच्या पुढे गेल्यावर वैद्यराजांनी रोजचा कारभार ज्येष्ठ शिष्य भार्गव याच्या हाती सोपवला, आणि स्वतः ओसरीवर बसून आल्यागेल्याची नाडी तेवढी पाहू लागले.

भार्गवाच्या हाताला यश होते. मोडलेले हाड तो असे बसवी की कोणता हात मोडला होता हे पुढे रुग्णालाच आठवू नये. पण तोच हात बरोबरीने राबणाऱ्यांवरही उठे. कोणाच्या हातून भांडे निसटले, कोणाला मुळीचे नाव वेळेवर सुचले नाही, की तो सगळ्यांदेखत त्याचा पाणउतारा करी. कधी धक्का, कधी मुस्काटात. याला तो शिस्त म्हणे. रुग्ण बरे होत होते, म्हणून बाकीचेही हळूहळू त्याला शिस्तच म्हणू लागले.

श्रीरंग हा तिथला तिसऱ्या वर्षाचा शिष्य. मन लावून शिकणारा, पण भार्गवाच्या खडावांचा आवाज फरसबंदीवर आला की त्याचे तळवे घामाने भिजत. सकाळी उठताच तो पहिला विचार करी तो भार्गवाच्या मनःस्थितीचा, रुग्णांचा त्यानंतर. एकदा काढा उकळताना त्याने एक प्रमाण दुसऱ्यांदा विचारले, तेव्हा भार्गवाने हातातली तापलेली पळी त्याच्या मनगटाला लावली. "आता लक्षात राहील," एवढेच तो म्हणाला. डाग पाहून वैद्यराजांनी विचारले, तर काढ्याचा थेंब उडाला असे श्रीरंगाने सांगितले. वैद्यराजांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि पुढे काही विचारले नाही.

त्या वर्षीच्या आश्विनात एका विणकराला तापात आणले. भार्गवाने त्याला तपासून औषध ठरवले. त्या औषधात शुद्ध केलेला बचनाग, एक विषारी कंद, होता. प्रमाण नेमके असेल तर ताप उतरे. चुकले तर औषधाचेच विष होई. दाराबाहेर पडता पडता, पाठमोराच, भार्गवाने मात्रा सांगितली आणि तो दुसऱ्या रुग्णाकडे निघून गेला. श्रीरंगाला ती नीट ऐकू आली नाही. एक म्हणाला की दोन? तो खलबत्त्यासमोर तसाच उभा राहिला. भार्गव दहा पावलांवरच्या दालनात होता, त्याचा आवाज इथपर्यंत येत होता. एवढे अंतर चालून जायचे आणि एक शब्द विचारायचा. श्रीरंगाचे पाय उचलेनात.

रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या सगुणाबाई तिथेच पाण्याचे भांडे घेऊन उभ्या होत्या. पंधरा वर्षे त्या रुग्णशाळेत होत्या. श्रीरंग घुटमळतो आहे हे त्यांच्या ध्यानात आले.

"श्रीरंगदादा, खात्री नसेल तर एकदा विचारून या ना," त्या हळूच म्हणाल्या.

त्या शब्दांनी श्रीरंगाच्या डोक्यात काय पेटले ते त्याचे त्यालाही कळले नाही. आपले अज्ञान उघडे पडले, आता ही बाई चारचौघांत बोलेल, ते भार्गवाच्या कानी जाईल, असे काहीतरी. "तुम्ही मला शिकवू नका," म्हणत त्याने त्यांना दोन्ही हातांनी ढकलले. सगुणाबाई उंबऱ्यावर आदळल्या. मनगट त्यांच्या अंगाखाली मुरगळले, पाणी सांडले. श्रीरंगाने मागे वळून पाहिले नाही. त्याने अंदाजानेच दोन मात्रा उगाळल्या आणि विणकराला पाजल्या.

थोड्याच वेळात विणकर ओठांना मुंग्या येतात म्हणू लागला. मग त्याची जीभ जड झाली, हातपाय गार पडले. श्रीरंग त्याच्या उशाशी थिजून बसला. कोणाला हाक मारावी हेही त्याला सुचेना. ज्याला हाक मारायची, त्याचीच तर भीती होती. हालचाल केली ती सगुणाबाईंनी. दुखरा हात पोटाशी धरून त्या ओसरीकडे धावल्या आणि वैद्यराजांना घेऊन आल्या. वृद्धाने अंगरखा फेकला, विणकराला ओकारी करवली, तूप पाजले, तळपायांना शेक द्यायला लावले. दोन प्रहर तो जीव इकडचा की तिकडचा ते कळत नव्हते. ऊन कलायला लागले तेव्हा कुठे त्याचे हात ऊबदार झाले आणि त्याने बायकोचे नाव घेतले.

भार्गव मधल्या वेळात गावातल्या एका रुग्णाकडे गेला होता; परतताच त्याला सारे कळले. तो आत आला तो थेट श्रीरंगावर. मानगूट धरून त्याने त्याला भिंतीशी दाबले आणि हात उगारला.

"भार्गव, हात खाली घे," वैद्यराज म्हणाले.

सगळे जमले होते. श्रीरंगाला आता घालवून देणार, यात कोणालाच शंका नव्हती. श्रीरंगाने तर मनातल्या मनात घरची वाटही धरली होती. पण वैद्यराजांनी भार्गवाला अंगणात जाऊन उभे राहायला सांगितले आणि हाक मारीन तेव्हाच आत ये म्हणाले. मग ते श्रीरंगाजवळ पाटावर बसले, त्याचे मनगट हाती घेतले आणि डोळे मिटले. रुग्ण कोण आणि हे नाडी कोणाची पाहताहेत, हे कोणालाच उमगेना. बराच वेळ गेला. श्रीरंगाचा श्वास सावकाश झाला. तेव्हा त्यांनी भार्गवाला हाक मारली.

फरसबंदीवर खडावा वाजल्या मात्र, श्रीरंगाला आपल्याच मनगटात घण पडू लागल्याचे जाणवले.

"ये, तूही पाहा," वैद्यराज भार्गवाला म्हणाले. भार्गवाने बोटे टेकवली. नाडीची जाण त्याला गुरूंइतकीच होती. काही क्षणांत त्याने हात काढून घेतला.

"आता सगुणाबाईंची नाडी तू पाहा, श्रीरंगा."

श्रीरंग पुढे झाला तशा सगुणाबाई भिंतीकडे सरकल्या. मग वैद्यराजांकडे पाहून त्यांनी न दुखावलेला हात पुढे केला. श्रीरंगाने बोटे ठेवली. तीच नाडी होती. तशीच धावणारी, अडखळणारी, आणि तो जवळ वाकला तशी आणखी वेग घेणारी. आजवर त्याने स्वतःला फक्त भिणाऱ्यांत धरले होते. आपल्यालाही कोणी असे भीत असेल, हे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते.

"गुरुजी," भार्गव अखेर म्हणाला, "माझ्या धाकावरच ही शाळा चालते. धाक नसता तर रोज अशा चुका झाल्या असत्या."

"धाक नसता तर हा दहा पावले चालून तुला विचारायला आला असता," वैद्यराज म्हणाले. "विणकराला बचनाग भोवला, पण एका मात्रेच्या दोन कशाने झाल्या? तू याला दिलेले भय याने स्वतःजवळ ठेवले नाही. ते याच्याहून दुबळ्या हाताला दिले. भय असेच उतरत जाते भार्गवा, आणि सर्वांत खाली कोण असते? जो खाटेवर पडलेला आहे तो. यात माझाही वाटा आहे. श्रीरंगाच्या मनगटावरचा डाग पाहिला तेव्हाच मला कळले होते, थेंब असा लांबट उडत नाही. पण तुझ्यावाचून शाळा कशी चालेल, या काळजीने मी तो थेंब मानून घेतला. आज त्याचे मोल दुसऱ्याच्या जिवाने चुकते होणार होते."

मग त्यांनी निर्णय सांगितला. भार्गवाने उद्यापासून या दालनांत पाऊल ठेवायचे नाही. हाडे बसवायची ती ओसरीवर, त्यांच्या डोळ्यांसमोर. इथे काम करणारे आपणहून बोलावतील तेव्हाच त्याने आत यायचे. ते कधी बोलावतील, बोलावतील की नाही, हे त्यांच्यावर. कारभार पुन्हा ते स्वतः पाहणार होते. पायांतल्या खडावा काढून हातात घेऊन भार्गव बाहेर गेला.

श्रीरंग सगुणाबाईंच्या पायाशी बसला आणि त्याने क्षमा मागितली. "हात दुखतोय दादा," एवढेच त्या म्हणाल्या. त्याने लेप उगाळून आणला. तो त्यांनी त्याच्या हातून घेतला आणि स्वतःच लावला.

पौषात एकदा श्रीरंग एका वृद्धेसाठी चूर्ण काढत असताना सगुणाबाई म्हणाल्या की डबा चुकतो आहे. डबा बरोबरच होता. श्रीरंगाला कानशिले तापल्यासारखी वाटली. तो जमिनीवर बसला, श्वास स्थिर होईपर्यंत बसून राहिला, आणि मग म्हणाला, "थांबा, दोघे मिळून पाहू." डबा पुढे करताना त्याने पाहिले, सगुणाबाई मागे सरकल्या होत्या. पण अर्धेच पाऊल. उरलेले अर्धे आपल्याला रोज थोडे थोडे मिळवावे लागणार, हे तो समजला, आणि त्याने डबा त्यांच्या हाती दिला.